जखमी हरणाचा माग : कॅप्टन जेम्स फोरसिथ आणि आपले सालवन

बालाघाट जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना कान्हाचे जंगल परके नाही. मुलांना सुट्टी लागली की बैहरमार्गे मुक्कीच्या फाटकापर्यंत जाऊन यावे, पाहुणे आले की त्यांना बारासिंगा दाखवून आणावा, हा आपल्याकडचा रिवाजच झाला आहे. मात्र या रानाबद्दल सर्वांत आधी सविस्तर लिहून ठेवणारा माणूस कोण होता, हे आपल्या घरातल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. पचमढीला जाऊन आलेल्यांनी कॅप्टन जेम्स फोरसिथ हे नाव तिथल्या पाटीवर वाचलेले असते, पण त्याच फोरसिथ यांचा आपल्या मैकल डोंगराशी आणि हालोन नदीच्या खोऱ्याशीही संबंध होता, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून या वेळी त्यांचे चरित्र देत आहोत.

फोरसिथ शिकारी होते, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. आज शिकार हा गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. तरीही त्यांच्या आयुष्यातला एक प्रश्न आम्हाला आजही महत्त्वाचा वाटतो. आपल्या हातून जखमी झालेल्या जनावराचे आपण काय देणे लागतो? या प्रश्नाने त्यांना बंदुकीच्या नळीचे गणित मांडायला लावले आणि रानातल्या गोंड, कोरकू, बैगा मागाड्यांच्या मागे पायपीट करायला लावले. त्यांचे उत्तर पुरते होते की अपुरे, हे वाचकांनी शेवटी ठरवावे.

चोविसाव्या वर्षी सातपुड्यात

जेम्स फोरसिथ यांचा जन्म १८३८ चा. विलायतेत विद्यापीठाचे शिक्षण घेऊन, एम. ए. ची पदवी मिळवून ते हिंदुस्थानात आले आणि बंगालच्या लष्करी सेवेत अधिकारी झाले. १८६१ च्या नोव्हेंबरात नागपूरचा प्रांत आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत निर्माण झाला. राजधानी नागपूर. पुढच्याच वर्षी सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे प्रांताचा कारभार आला. हेच टेंपल पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकांनाही ते नाव परिचित असेल.

नव्या प्रांताच्या नकाशात मोठमोठ्या जागा कोऱ्या होत्या. कोणत्या डोंगरावर कोणते झाड आहे, किती आहे, कोणत्या नदीतून लाकूड खाली आणता येईल, याची सरकारला नीट कल्पना नव्हती. त्याच वेळी रेल्वेचे रूळ टाकायचे काम चालू होते आणि रुळांखाली घालायला स्लीपर हवे होते. साल आणि सागाची झाडे बेसुमार तोडली जात होती. हे थोपवण्यासाठी जंगल खाते उभे राहिले. त्याचे प्रमुख होते कॅप्टन पिअरसन आणि त्यांच्या हाताखाली तरुण फोरसिथ.

१८६२ च्या जानेवारीत फोरसिथ महादेवाच्या डोंगरांकडे निघाले आणि पचमढीच्या पठारावर पोहोचले. तिथे त्यांनी एक बंगला बांधला. त्या भागात गवे फार, म्हणून त्याचे नाव पडले बायसन लॉज. पचमढीतली ती पहिली पक्की इमारत समजली जाते आणि आज तिथे संग्रहालय आहे. फोरसिथ यांनी पचमढी शोधली असे पर्यटनाच्या पुस्तिकांत सर्रास लिहिलेले असते. खरे पाहता तिथे कोरकू लोकांची वस्ती होती, त्यांचा ठाकूर होता, महादेवाची यात्रा भरत होती. शोध लागला तो सरकारी कागदाला, एवढेच म्हणता येईल.

१८६२ ते १८६४ या काळात त्यांनी मध्य प्रांताचा मोठा दौरा केला. नर्मदेच्या काठाने वर चढत ते अमरकंटकपर्यंत गेले, पलीकडे छत्तीसगडच्या मैदानात उतरले आणि महानदीच्या खोऱ्यातली सालवने पाहून आले. या वाटेवरच मंडल्याच्या वरचा, म्हणजे बंजर आणि हालोन नद्यांचा मुलूख येतो.

त्या वेळी बालाघाट नावाचा जिल्हा नव्हता हे लक्षात ठेवावे. आपला जिल्हा १८६७ मध्ये झाला. भंडारा, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून तो तयार केला आणि घाटाच्या वरचा मुलूख म्हणून त्याला बालाघाट हे नाव मिळाले. खाली वैनगंगेच्या काठी भात पिकवणारी गावे, आणि वर बैहरच्या पठारावर सालाचे रान, गवताची मैदाने व मधूनमधून गोंड-बैगांची वस्ती. पवार शेतकरी कुटुंबे बैहरकडे जाऊन मोठ्या संख्येने स्थायिक झाली ती यानंतर. फोरसिथ यांनी जे रान पाहिले ते नांगर वर चढण्याआधीचे होते.

सालवनातला बारासिंगा

फोरसिथ यांच्या डोळ्यांत एक गुण होता. ते फक्त जनावर पाहत नसत. जनावर कुठे आहे आणि कुठे नाही, हेही पाहत. मध्य प्रांताच्या पश्चिमेला साग आणि पूर्वेला साल अशी जंगलाची सरळ विभागणी त्यांनी टिपली. सालाबरोबर काही प्राणी येतात आणि साल संपला की तेही संपतात, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांतला मुख्य प्राणी बारासिंगा. दुसरा लाल रानकोंबडा.

मग त्यांना एक नवल दिसले. पचमढीच्या पायथ्याशी देनवा नदीच्या खोऱ्यात सालाचा एक एकटा तुकडा उभा आहे. पूर्वेकडचे मोठे सालवन तिथून शंभराहून अधिक मैलांवर. मधे सगळे सागाचे आणि मिश्र रान. तरीही त्या एवढ्याशा तुकड्यात बारासिंगा होता आणि लाल रानकोंबडाही होता. एकेकाळी सालवन सलग पसरलेले असावे आणि मागे हटताना एक बेट मागे राहून गेले असावे, असा विचार यातून पुढे आला. आजही या भागाच्या वनस्पतींचा आणि प्राण्यांचा अभ्यास करणारे ही नोंद विसरत नाहीत.

बारासिंग्याची आपल्याकडची जात कडक जमिनीवर राहणारी आहे. तराईतल्या आणि आसामातल्या त्याच्या भाऊबंदांचे खूर दलदलीत फाकतात, आपल्याकडच्याचे खूर घट्ट असतात. तो सांबरासारखा दाट झाडीत लपून बसत नाही. सालाच्या कडेच्या गवताळ मैदानात कळपाने चरतो. पहाटे धुके उठताना दिसतो, उन्हे चढली की सावलीला सरकतो. कळपाने राहणे हीच त्याची ताकद, आणि बंदूक आल्यावर तीच त्याची अडचण झाली. उघड्यावर उभा असलेला कळप दुरून दिसतो आणि दुरूनच गोळी घालण्याचा मोह होतो.

ठासणीची बंदूक आणि चुकलेला अंदाज

फोरसिथ यांनी तरुणपणीच शिकारीच्या रायफलीवर एक ग्रंथ लिहिला. पंचविशीतल्या माणसाने नळी, दारू आणि गोळी यांच्यावर पुस्तक लिहावे याचे आज आश्चर्य वाटेल. त्यामागचे कारण समजून घेतले तर ग्रंथाचे महत्त्व कळते.

त्या काळी बंदूक तोंडाकडून भरावी लागे. दारू ओतायची, गोळी ठासायची, टोपी बसवायची. एक बार झाला की दुसरा भरायला वेळ लागे. दोन नळ्यांची बंदूक असली तर दोन बार, आणि मग जनावर दिसेनासे होई. काळ्या दारूचा धूर इतका की बार काढणाऱ्याला समोरचे काही दिसत नसे. गोळी लागली की नाही, लागली तर कुठे, हरिण कोणत्या दिशेने गेले, हे बाजूला उभ्या असलेल्या माणसाला विचारावे लागे.

याहून मोठी अडचण अंतराची होती. लांबट टोकदार गोळी तेव्हा नवी होती. ती जड असे आणि तिच्यामागे दारू बेताची घालत, म्हणून तिचा मार्ग कमानीसारखा वाकडा असे. पन्नास यार्डांसाठी एक दर्शिका, शंभरासाठी दुसरी, दीडशेसाठी तिसरी. चांदमारीच्या मैदानात हे ठीक आहे, तिथे अंतर मोजलेले असते. रानात सावली-उन्हाच्या खेळात अंतराचा अंदाज पंचवीस यार्डांनी सहज चुकतो. अंदाज चुकला की छातीत बसायची गोळी पोटात बसते किंवा पाय मोडते. असे हरिण जागेवर पडत नाही. ते पळते, दोन दिवस कुठेतरी झिजते आणि मरते. शिकाऱ्याला ते मिळत नाही, कुणाच्याच कामी येत नाही.

फोरसिथ यांनी या गोष्टीवर उपाय सुचवला. जुनी गोल गोळीच घ्या, पण मोठी. एका पौंड शिशात चौदा होतील एवढी, म्हणजे सुमारे बत्तीस ग्रॅम वजनाची. तिच्यामागे दारू भरपूर घाला, म्हणजे ती जवळजवळ सरळ रेषेत जाईल आणि शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत अंतराचा हिशेब करावाच लागणार नाही. आता अडचण अशी, की दारू वाढवली तर गोळी नळीतल्या आट्यांत न फिरता तशीच घसरून बाहेर येते. त्यावर त्यांनी सांगितले की आटे फार सावकाश वळवा. १०४ इंचांत एकच फेरा. गोल गोळीला स्थिर राहायला तेवढी फिरकी पुरते. या पद्धतीच्या नळीला बंदुकांचे जाणकार आजही फोरसिथ यांच्याच नावाने ओळखतात.

पुढे मागून भरायच्या बंदुका आल्या, बिनधुराची दारू आली, गोळीचा वेग कितीतरी वाढला आणि हे आकडे जुने झाले. पण ग्रंथाच्या मुळाशी असलेली चिंता जुनी झाली नाही. जनावराला मारायचेच असेल तर ते तिथल्या तिथे मेले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

माग काढणारी माणसे

नळी कितीही चांगली असली तरी नेम चुकतोच. मग पुढचे काम बंदुकीचे नसून डोळ्यांचे असते. या कामात साहेब मागे आणि गोंड, कोरकू किंवा बैगा पुढे, असा क्रम लागे. फोरसिथ यांनी आपल्या पुस्तकात डोंगरातल्या लोकांच्या रानज्ञानाची मोकळेपणाने वाखाणणी केली आहे. बैगांच्या हातातली कुऱ्हाड आणि त्यांचे धाडस यांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला होता.

जखमी हरणाचा माग काढण्याची रीत आपल्या भागातल्या जुन्या मंडळींना ऐकून माहीत असेल. नव्या पिढीसाठी ती इथे थोडक्यात सांगतो, कारण त्यात रान वाचण्याची एक पूर्ण विद्या आहे.

पहिली गोष्ट म्हणजे घाई करायची नाही. बार झाला की धावत सुटणारा नवशिका. जाणता मागाडी आहे तिथेच उभा राहतो आणि हरिण शेवटी कोणत्या झाडाजवळ दिसले ते मनात पक्के करतो. मग गोळी लागली त्या जागी जाऊन जमीन पाहतो. खूर एकदम खोल रुतून माती उडालेली असते. कापलेले केस पडलेले असतात. केसांच्या रंगावरून आणि लांबीवरून गोळी पाठीला लागली, छातीला लागली की पोटाला, हे ओळखता येते.

त्यानंतर रक्त. लालभडक आणि फेसाळ असेल तर फुप्फुसाला लागले, हरिण लांब जाणार नाही. काळपट असेल तर यकृताला. रक्त थोडे, त्यात हिरवट पाणी आणि चघळलेल्या गवताचे कण असतील तर पोटाला. हे सर्वांत वाईट. अशा हरणाच्या मागे लगेच गेले तर ते भीतीने मैलोन्‌मैल चालत राहते. त्याला काही तास एकटे सोडले तर ते जवळच्याच झाडीत बसते, अंग ताठरते आणि मग उठवत नाही. थांबणे हे इथे दयेचेच काम असते, पण थांबणाऱ्याच्या जिवाला ते फार जड जाते.

माग धरताना मागावरून चालायचे नाही, कडेने चालायचे. मागावर पाय पडला तर पुन्हा मागे येऊन तपासता येत नाही. एकाने नजर जमिनीवर ठेवायची, दुसऱ्याने समोरच्या झाडीवर. रक्त जमिनीवरच पाहायचे असे नाही. गवताच्या पात्यांना ते कोणत्या उंचीवर लागले आहे, एकाच बाजूला आहे की दोन्ही, यावरून जखम कुठे आहे ते कळते. दोन्ही बाजूंना असेल तर गोळी आरपार गेली आहे. रक्त थांबले तर खुरांचे ठसे वाचायचे. दुखऱ्या पायाचा ठसा हलका उमटतो किंवा घासत गेलेला दिसतो. थंडीच्या दिवसांत पहाटेचे दव फार मदत करते. दवाने पांढऱ्या दिसणाऱ्या गवतात गेलेली वाट हिरवी उमटते. ऊन चढले की ती पाटी पुसली जाते. मग मुंग्या आणि माश्या जमलेल्या दिसतील तिथे थेंब शोधायचा.

बारासिंग्याच्या बाबतीत एक खास अडचण असे. कळप एकदम उधळतो आणि शेकडो खुरांत एका खुराचा ठसा हरवतो. तिथे जाणता माणूस कळपाचा माग सोडून कडा पाहत जातो. जखमी जनावर फार वेळ कळपाबरोबर राहत नाही. कुठेतरी एक पाऊलवाट बाजूला फुटते. ती सापडली की अर्धे काम झाले.

आणि माग तुटलाच, तर शेवटच्या थेंबापाशी फांदी खोचून खूण करायची आणि तिथून गोल फेरा घ्यायचा. नाही सापडले तर त्याहून मोठा फेरा. वानरांचे खेकसणे, कावळ्यांची गडबड, दुसऱ्या दिवशी आकाशात फिरणारी गिधाडे, हे सगळे ऐकायचे आणि पाहायचे. अंधार पडला तर वाघ, रानकुत्रे किंवा तरस यांचा हक्क आधी लागतो. उंच गवतात जखमी हरणाच्या मागे जाणाऱ्याला वाघ समोर यावा, असे त्या काळात कमी घडत नसे.

या मागाड्यांची नावे इतिहासात फारशी उरली नाहीत. शिकारकथांच्या पुस्तकांत साहेबांचे नाव मुखपृष्ठावर असते आणि ज्याने माग काढला तो एखाद्या वाक्यात येऊन जातो. मागाड्याला आपली रीत लिहून ठेवण्याची सोय नव्हती. चरित्र लिहिताना ही उणीव आम्हाला जाणवते आणि ती वाचकांसमोर ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

निमाड, आणि अखेरचे पुस्तक

दौरे संपल्यावर फोरसिथ निमाडात आले. तिथे त्यांनी आधी जमाबंदीचे काम केले आणि डेप्युटी कमिशनर म्हणूनही काम पाहिले. जमीन मोजणे, सारा ठरवणे, कोणाचा हक्क कशावर आहे हे गावोगाव बसून नोंदवणे, हे काम शिकारीसारखे रंजक नाही. पण त्या कामामुळे त्यांच्या लिखाणात शेतकरी आणि आदिवासी केवळ पाहुण्याच्या नजरेने दिसत नाहीत, काही प्रमाणात हिशेबाच्या नजरेनेही दिसतात.

गोंडांच्या लिंगो देवाची कथा नागपूरच्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी जमवली होती. हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर टेंपल यांनी ते कागद १८६६ मध्ये छापून प्रसिद्ध केले. फोरसिथ यांनी ती कथा इंग्रजी पद्यात रचून आपल्या पुस्तकात घातली. शिकारीच्या पुस्तकात गोंडांच्या उत्पत्तिकथेला एक पूर्ण प्रकरण द्यावे, यावरून त्यांचा कल दिसतो.

त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की बैगांची बेवर शेती त्यांना जंगलाची शत्रू वाटत असे. झाडे तोडायची, वाळवायची, जाळायची आणि राखेत बी टाकायचे, ही रीत सालवनाला घातक आहे असे जंगल खात्याचे मत होते आणि फोरसिथ त्याच खात्यात घडले होते. पुढे बेवरीवर बंधने आली. १८९० मध्ये मंडल्याच्या बाजूला बैगांसाठी एक वेगळा चक राखून ठेवला आणि बाकीच्या रानातून त्यांची शेती हटली. ज्यांच्या डोळ्यांवर साहेबांची शिकार अवलंबून होती, त्यांचेच रानावरचे हक्क आटत गेले. रेल्वेच्या स्लीपरांनी किती सालवन खाल्ले आणि बेवरीने किती, हा हिशेब मात्र त्या काळी समान मापाने कोणी मांडला नाही.

मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरचे त्यांचे मोठे पुस्तक १८७१ मध्ये लंडनला छापले गेले. ते प्रसिद्ध झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १ मे १८७१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे तेहतीस. सातपुड्यावर नंतर लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने या पुस्तकाचा आधार घेतला आहे.

त्यांच्यानंतरचे रान

फोरसिथ यांच्यानंतर रायफली सुधारल्या, रस्ते झाले, शिकाऱ्यांची संख्या वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी डनबार ब्रँडर नावाचे जंगल अधिकारी या भागात होते. बंजरच्या खोऱ्यात १९०० च्या सुमारास एका संध्याकाळच्या फेरफटक्यात अकरा जातींची दीड हजार जनावरे पाहिल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे, आणि आता तसे राहिले नाही, अशी खंतही नोंदवली आहे. आपल्या बारासिंग्याच्या जातीला शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये याच ब्रँडर यांचे नाव दिले.

देनवाच्या खोऱ्यातला बारासिंगा संपला. बाकी मध्य भारतातूनही तो हळूहळू नाहीसा झाला. कान्हाला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तरी १९७० च्या गणतीत तिथे केवळ ६६ बारासिंगे उरले होते. जगात कडक जमिनीवरच्या बारासिंग्याचा तेवढाच कळप शिल्लक होता, आणि तो आपल्या दारात होता. मग कुंपण घालून पाडसे वाढवली गेली, गवताची मैदाने मोकळी केली गेली, त्यासाठी जंगलातली गावे बाहेर आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प आला. आज ही संख्या हजाराच्या आसपास पोहोचली आहे आणि बारासिंगा मध्य प्रदेशाचा राज्यपशू आहे. ही बढती फुकट मिळालेली नाही. तिची किंमत वनखात्याच्या माणसांनी कष्टाने आणि उठून गेलेल्या गोंड-बैगा कुटुंबांनी आपल्या गावांनी चुकवली.

२०१५ पासून कान्हाचे बारासिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडले जाऊ लागले. म्हणजे फोरसिथ यांनी ज्या डोंगरांच्या पायथ्याशी त्यांना पाहिले होते, त्याच प्रदेशात ते आपल्याकडून परत गेले. त्यांना पकडताना बंदूक किंवा गुंगीचे औषध लागत नाही. नरसाळ्यासारखे निमुळते होत जाणारे कुंपण उभारतात, कळपाला हळूहळू त्यात वळवतात आणि शेवटी ते थेट गाडीत चढतात. हाक्याची जुनी कला, उलट कामासाठी वापरलेली.

आपल्यासाठी उरलेला प्रश्न

या चरित्रातून आपण काय घ्यावे? फोरसिथ यांची बंदूक घेण्याचे कारण नाही. ज्यांनी जखमी हरणाला वाऱ्यावर सोडू नका असे शिकवले, त्यांच्याच परंपरेने पुढे रान रिकामे केले, हा विरोध लपवण्यासारखा नाही. एका हरणाबद्दलची जबाबदारी त्यांना उमगली होती, सबंध कळपाबद्दलची उमगायला आणखी शंभर वर्षे लागली.

पण ती पहिली जबाबदारी आजही आपल्या अंगावर येते. बैहर रस्त्यावर रात्री गाडीची धडक बसून चितळ उलटे पडते. शेताच्या तारेत सांबर अडकते. गावातली कुत्री पाडसाच्या मागे लागतात. अशा वेळी गर्दी जमते, मोबाइल बाहेर निघतात, आणि हरिण धडपडत झाडीत शिरते. त्याच्या मागे धावू नये. भेदरलेले हरिण धावपळीने आणि हाताळण्यानेही मरते. जुन्या मागाड्यांचीच रीत इथे कामी येते. थांबावे. ते कुठून कोणत्या बाजूला गेले ते झाड, तो दगड लक्षात ठेवावा. रक्त दिसले तर तिथे खूण करावी, वर पाय देऊ नये. कुत्री आणि माणसे लांब ठेवावीत. आणि लगेच जवळच्या वनखात्याच्या चौकीला कळवावे. माग काढणारे लोक त्यांच्याकडे आहेत. त्यांतले अनेक जण त्याच गोंड आणि बैगा घरांतले आहेत, ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी साहेबांना वाट दाखवली होती.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन मुक्कीला जाल तेव्हा वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसू नका. गाडीत शेजारी बसलेल्या गाइडला खाली मातीत काय दिसते ते विचारा. कोणता खूर कोणाचा, ठसा सकाळचा की रात्रीचा, जनावर चालत होते की पळत होते. ती विद्या पुस्तकात थोडी उतरली आणि माणसांत पुष्कळ उरली आहे. आपल्या जिल्ह्याचा तो ठेवा आहे, आणि तो ज्यांच्याकडे आहे त्यांचे नाव विचारून घेण्याची सवय आपण मुलांना आतापासून लावू या.